त्रिकोणी पुष्परचना: आधी तीन टोकं, मग फुलं

त्रिकोणी रचना बिघडते ती बहुतेक वेळा फोम, म्हणजे काड्या खोचायचा पाणी शोषणारा ठोकळा, भिजवतानाच. हिरवा फोम पाण्यात दाबू नका. बादलीत नुसता सोडा, आपोआप बुडू द्या. दाबला की बाहेरून ओला दिसतो, आत कोरडाच राहतो आणि मधली फुलं संध्याकाळपर्यंत माना टाकतात. भांड्याच्या काठाच्या वर इंचभर फोम हवाच, नाहीतर बाजूच्या काड्या आडव्या खोचता येत नाहीत.

पहिली काडी निशिगंधाची: भांड्याची उंची किंवा रुंदी, जे जास्त असेल त्याच्या दीडपट. ती मध्यापासून जरा मागे, ताठ. दोन्ही बाजूंना तिच्या निम्म्या काड्या, किंचित खाली झुकलेल्या. ही टोकं ठरली की एकही फूल त्या रेषेबाहेर नको. सर्वांत मोठा जरबेरा खाली मध्यभागी, पुढे कललेला. त्याचा देठ मऊ असतो, खुपसला की चेचतो, म्हणून आधी फोममध्ये बारीक काडीने भोक पाडा. खोचलेला देठ वर ओढू नका. खाली पोकळी राहते आणि पाणी तुटतं. उपसलाच तर टोक पुन्हा तिरकं कापून नव्या जागी खोचा.

उघडा फोम शेवटी शेवंतीने झाका.