जुनी गाडी स्लोला थरथरते, खाली ऑइल टाकते? या चुका टाळा

पाऊस ओसरला की चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंतच्या गॅरेजांत दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. गाडी स्लोला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, थरथरते, आणि उभी राहील तिथे ऑइलचा डाग पडतो. जुन्या मारुती ८००, ओम्नी, पद्मिनी अशा गाड्यांत या तक्रारी पुष्कळदा जोडीनेच येतात. तरी मालक आधी कार्ब्युरेटर साफ करून घेतो आणि मग महिन्याभराने ऑइल सीलचा खर्च करतो. दोन्हींचं मूळ एकच असू शकतं, हे तपासायचं राहूनच जातं.

ब्रीदर न बघता सील बदलणे

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. इंजिन चालताना पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भागात, उतरतोच. तो ब्रीदरच्या, म्हणजे हा गॅस काढून घेणाऱ्या, पाइपातून, काही गाड्यांत पीसीव्ही व्हॉल्व्ह या झडपेतून, परत इंजिनात जाऊन जळतो. ही वाट काजळीने आणि चिकट ऑइलने बुजली की आतला दाब वाढतो आणि जिथलं सील कमकुवत असेल तिथून ऑइल बाहेर ढकलतो. आता उलट बाजू बघा. मॅनिफोल्डकडे, म्हणजे सिलिंडरांना हवा-पेट्रोल पुरवणाऱ्या नळीकडे, जाणारा तोच पाइप तडकला, तर इंजिन तिथून जास्तीची हवा ओढतं, पेट्रोलचं प्रमाण कमी पडतं आणि गाडी स्लोला अडखळते.

तपासणी सोपी आहे. इंजिन स्लोला चालू ठेवा, ऑइल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर कागदाचा तुकडा धरा. कागद जरासा फडफडला किंवा हलकासा ओढला गेला तर काळजी नाही. जोराने उडत राहिला तर एक तर ब्रीदर तुंबलाय, नाहीतर रिंगा झिजल्यात. ब्रीदर साफ करून पुन्हा बघा, म्हणजे दोघांतलं कोण ते कळेल. दाब तसाच ठेवून नवं सील बसवलंत तर तेही गळणार.

झाकणाच्या आत दुधाच्या सायीसारखा पिवळट थर दिसला की अनेकजण लगेच हेड पॅकिंग (इंजिनच्या वरच्या भागाखालचं, पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं) गेलं असं धरून चालतात. आपल्याकडच्या दमट हवेत, घर ते बाजार एवढ्याच फेऱ्या असतील तर इंजिन पुरतं तापत नाही आणि आतली वाफ तिथे साठते. रेडिएटरचं पाणी कमी होत नसेल आणि डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल, तर हेड खोलायची घाई करू नका. गाडी लांब पल्ल्याला नेऊन आणा आणि मग बघा.

रेस वाढवून थरथर लपवणे

गाडी सिग्नलला बंद पडते म्हणून आयडलिंगचा स्क्रू पिळून रेस वाढवायची, हा उपाय नव्हे. तीन सिलिंडरच्या इंजिनात एक सिलिंडर मिसिंग, म्हणजे नीट पेटत नसलेला, असेल तर ते तसंच राहतं, पेट्रोल मात्र जास्त जातं. कोणता सिलिंडर साथ देत नाही ते आधी शोधा. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढा, तिच्या टोकाला जादा प्लग लावून तो इंजिनच्या धातूला पक्का टेकवा, मग चालू करून ऐका. आवाज आणखी पडला तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर दोष तिथेच. वायर हवेत मोकळी सोडू नका, कॉइल जाऊ शकते. धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या गाडीत हे काही सेकंदांत आटपा, कारण न जळलेलं पेट्रोल त्याची वाट लावतं.

किनाऱ्यालगत पहिला संशय वायरिंगवर घ्या. मालवण, गुहागर, हर्णै अशा ठिकाणी खारी हवा बॅटरीच्या टर्मिनलवर आणि इंजिनच्या अर्थिंग वायरवर सतत काम करत असते. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू करा. प्लगच्या वायरींवर निळसर ठिणग्या दिसल्या तर त्या बदलायच्या. प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या कॅपच्या आत दमट हवेने पाणी धरतं. ती पुसून कोरडी करा आणि बारीक काळी रेघ उमटली असेल तर टाकून द्या.

गळती खालून शोधणे

ऑइल खाली पडतं, पण येतं वरून, आणि वाऱ्याने मागे पसरतं. गिअरबॉक्सच्या तोंडाशी थेंब दिसला की मागचं क्रँक सील, म्हणजे क्रँकच्या दांड्याच्या मागच्या टोकाचं सील, गेलं असं सांगितलं जातं, आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवायचा खर्च येतो. बरेचदा ते इंजिनच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून किंवा डिस्ट्रिब्युटरच्या बुडाच्या रबर रिंगमधून ओघळलेलं असतं. इंजिन थंड असताना ब्रशने धुवा, डिस्ट्रिब्युटर आणि अल्टरनेटरवर पिशवी बांधा, वाळलं की संशयाच्या जागी टाल्कम पावडर मारा. एक फेरी मारून आलात की पावडरीवर ओली रेघ दिसेल. तिचं वरचं टोक म्हणजे गळतीची जागा.

टॅपेट कव्हर गळतं म्हणून नट कचकचून आवळू नका. पत्रा वाकतो आणि पॅकिंग पिचून गळती वाढते. सिलिकॉनही ढीगभर लावू नका; आत सुटलेले तुकडे चेंबरमधल्या जाळीत अडकले तर ऑइलचा पुरवठाच तुटतो.

गळतं ऑइल इंजिन ज्यावर टेकतं त्या फाउंडेशनच्या रबरावर पडत राहिलं तर रबर फुगून मऊ होतं. मग इंजिन ठीक चालत असूनही स्टिअरिंग हलतं आणि मेकॅनिक कार्ब्युरेटर खोलतो. सायलेन्सरचा आवाज एकसारखा असेल तर आधी फाउंडेशन बघा. टायमिंग बेल्टवर ऑइल पोचत असेल तर मात्र गाडी थांबवा, बेल्ट बदला.

डाग पडत नाही तरी ऑइल कमी होतंय? आंबा घाट किंवा कुंभार्ली उतरताना एक्सलरेटर सोडून गिअरवर गाडी आणा आणि पायथ्याशी दाबा. त्याच क्षणी निळा धूर निघाला तर व्हॉल्व्ह सील, म्हणजे हेडमधल्या झडपांची सीलं, गेली. चढताना सतत निघत असेल तर पिस्टनच्या रिंगा. पहिल्यात बहुतेक गाड्यांचं काम हेडपुरतं आटपतं, दुसऱ्यात इंजिन उतरवावं लागतं, म्हणून अंदाजपत्रक मागण्याआधी ही परीक्षा करून घ्या.