टेनिसचा सिंगल्स ड्रॉ कसा वाचायचा आणि मॅच बघायला कुठल्या वारी जायचं

मागं एकदा मी ड्रॉ, म्हणजे कुणाची मॅच कुणाशी त्याचा तक्ता, काढून बसलो होतो तर पुतण्या येऊन विचारतोय, "काका, नुसती नावं तर लिहिल्यात एकाखाली एक, काय बघालाय एवढं त्यात?" खरंय त्याचं. आमच्या टिळकवाडीत क्रिकेट न कळणारं पोरगं सापडायचं नाही, कुस्तीचं तर सांगायलाच नको, पण टेनिस म्हटलं की विम्बल्डनची फायनल टीव्हीवर बघितली आणि झालं. म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ज्यांना एकदा स्वतः जाऊन प्रोफेशनल पुरुषांची स्पर्धा बघायचीय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

सुरुवात ड्रॉपासून करा. आपल्याकडं कुस्तीच्या मैदानाच्या जोडी आधीच ठरतात, एक नंबरची कुस्ती कुणाची ते पोस्टरवरच छापून येतं. टेनिसमध्ये जोडी चिठ्ठ्या टाकून निघतात, पण सगळं चिठ्ठीवर सोडत नाहीत. 32 जणांचा ड्रॉ धरा. रँकिंग बघून त्यातल्या 8 जणांना सीड, म्हणजे मानांकन, देतात. एक नंबरचा सीड सगळ्यात वरच्या ओळीवर, दोन नंबरचा सगळ्यात खालच्या, म्हणजे हे दोघं फायनलशिवाय भेटूच शकत नाहीत. तीन आणि चारची चिठ्ठी निघते, एक वरच्या अर्ध्यात जातो एक खालच्या अर्ध्यात, आणि पाच ते आठ चार भागांत एकेक. उरलेले 24 जण जिथं चिठ्ठी निघेल तिथं, त्यामुळं एखाद्या बिचाऱ्याला पहिल्याच मॅचला एक नंबरचा सीड समोर येतो.

आता पेन्सिल घ्या आणि त्या कागदाचे चार भाग करा, आठ-आठ नावांचे. प्रत्येक भागातनं एकच जण सेमीफायनलला जाणार. ज्या भागातला मोठा सीड दुखापतीतनं आलाय किंवा त्या कोर्टवर फारसा चालत नाही तो भाग मोकळा झाला समजा, तिथनं कुणीतरी नवीन वर येणार. मला स्वतःला ड्रॉमध्ये सगळ्यात जास्त मजा ह्यातच येते, मॅच सुरू व्हायच्या आधीच.

मग नावाशेजारची अक्षरं. क्यू म्हणजे क्वालिफायर, आधी क्वालिफाइंगच्या मॅच जिंकून मेन ड्रॉमध्ये आलेला. डब्ल्यूसी म्हणजे वाइल्ड कार्ड, आयोजकांनी दिलेली जागा, बहुतेक वेळा आपल्याच देशातल्या पोरांना मिळते. एलएल म्हणजे लकी लूझर, क्वालिफाइंगच्या शेवटच्या मॅचला हरला पण मेन ड्रॉमधनं ऐनवेळी कुणीतरी माघार घेतली म्हणून आत आला. पीआर म्हणजे प्रोटेक्टेड रँकिंग, लांबलचक दुखापतीनंतर परत येणाऱ्याला जुन्या रँकिंगवर एन्ट्री मिळते. ही अक्षरं बघून ह्यांचं काय खरं असं म्हणू नका. 2001 ला गोरान इव्हानिसेविच वाइल्ड कार्डवर आला आणि विम्बल्डन जिंकला, तेव्हा त्याचं रँकिंग 125 होतं. 2017 ला आंद्रे रुब्लेव उमागची स्पर्धा लकी लूझर म्हणून जिंकून गेला. आपला सुमित नागल 2019 च्या यूएस ओपनला क्वालिफायर होता आणि फेडररचा पहिला सेट घेतला त्यानं, मॅच गेली ती वेगळी गोष्ट, आणि 2024 च्या ऑस्ट्रेलियन ओपनला परत क्वालिफाइंगमधनंच येऊन 31 वा सीड बुब्लिकला सरळ सेटमध्ये हरवला. म्हणून माझी नजर आधी क्यू कुठं कुठं पडलेत तिकडं जाते.

ड्रॉ 28 चाही असतो. पुण्याला बालेवाडीत 2018 पासून 2023 पर्यंत (2021 सोडून) एटीपी 250 ची (एटीपी म्हणजे पुरुषांच्या प्रोफेशनल टेनिसची संघटना) स्पर्धा झाली तिथं तसाच होता, त्यात पहिल्या चार सीडना बाय मिळतो, म्हणजे ते थेट दुसऱ्या राउंडला. मॅच किती होणार ते काढायचं सोपं आहे, खेळाडूंतनं एक वजा करा, कारण प्रत्येक मॅचला एकच जण बाहेर पडतो. 32 ला 31, ग्रँड स्लॅमला, म्हणजे विम्बल्डनसारख्या चार मोठ्या स्पर्धांना, 128 जण म्हणजे 127. नावातला 250 म्हणजे जिंकणाऱ्याला मिळणारे रँकिंगचे पॉइंट, स्लॅमला 2000, आणि सगळ्यात खाली आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस फेडरेशनच्या) एम 25 आणि एम 15 स्पर्धा, तिथं आठवडाभर घाम गाळून जिंकणाऱ्याला 25 नाहीतर 15.

स्कोअरमधला कंसातला आकडा बऱ्याच जणांना कळत नाही. बालेवाडीतली 2019 ची फायनल घ्या, केविन अँडरसननं कार्लोविचला 7-6 (4), 6-7 (2), 7-6 (5) हरवलं. सेटमध्ये 6-6 झालं की टायब्रेक खेळून सेट ठरवतात, आणि कंसात तो हरणाऱ्याचे पॉइंट असतात, म्हणजे पहिला टायब्रेक 7-4, दुसरा 7-2, तिसरा 7-5. तिन्ही सेट टायब्रेकला, एक 6 फूट 8 इंच आणि दुसरा 6 फूट 11 इंच, आणि कार्लोविच तेव्हा 39 वर्षांचा!

आता कुठल्या वारी जायचं. सगळे फायनलचं बघतात आणि मला तिथंच वाईट वाटतं, कारण फायनलला सिंगल्सची एकच मॅच असते. 32 च्या ड्रॉला पहिल्या राउंडच्या 16 मॅच, त्या दोनेक दिवसांत तीन-चार कोर्टवर वाटलेल्या, म्हणजे एक कोर्ट सोडून दुसऱ्याला जायचं आणि दिवसभर बघायचं. आपल्याला तर पुण्यापर्यंतसुद्धा जायला नको, 2023 ला धारवाडला पुरुषांची आयटीएफ स्पर्धा झाली होती. अशा स्पर्धांना बहुतेक तिकीट नसतं आणि तुम्ही कोर्टाभोवतीच्या कुंपणाच्या जाळीला टेकून उभं राहू शकता. टीव्हीवर न कळणाऱ्या गोष्टी तिथं कळतात. सर्व्हिसच्या आधी खेळाडू तीन-चार बॉल मागून घेतो, एकेक फिरवून बघतो, ज्याची लव फुगलीय तो परत देतो आणि गुळगुळीत असेल तो पहिल्या सर्व्हिसला ठेवतो, कारण तो हवेत जास्त पळतो. ठराविक गेमनंतर नवीन बॉल येतात, मोठ्या स्पर्धांत पहिल्या 7 गेमनंतर आणि पुढं दर 9 गेमला, आणि नवीन बॉलवरची पहिली सर्व्हिस जाळीजवळनं ऐका, आवाजच वेगळा येतो. आयटीएफच्या क्वालिफाइंगलाही जा जमलं तर, तिथं तिसऱ्या सेटऐवजी 10 पॉइंटचा टायब्रेक खेळतात आणि एकेका पॉइंटला पोरांचे चेहरे बघवत नाहीत.

निघायच्या आधी ऑर्डर ऑफ प्ले, म्हणजे कुठल्या कोर्टवर कुठली मॅच कधी ती यादी, बघा, आदल्या दिवशी संध्याकाळी लागते. पहिल्या मॅचची वेळ पक्की असते, त्यापुढच्या आधीची संपली की लगेच, त्यामुळं तिसरी मॅच दुपारी दोनला धरून गेलात आणि आधी कुणी दुखापतीनं सोडून दिली तर तुमची निम्मी संपलेली असेल. टोपी, पाणी बरोबर घ्या, पॉइंट चालू असताना हालू नका, साइड बदलताना जागा बदला. बेळगावहून सकाळची पहिली धारवाड बस पकडलीत तर कित्तूरला चहा घेऊनसुद्धा पहिल्या सर्व्हिसच्या आधी पोचता.