रॅम हलवली आणि सर्व्हर उठेना: माझा अनुभव

अंधेरीच्या ऑफिसात जुन्या सर्व्हरमधल्या रॅमच्या (चालू कामाच्या मेमरीच्या) १६ जीबीच्या चार पट्ट्या दुसऱ्या सर्व्हरमध्ये, तिथल्या पट्ट्यांसोबत टाकल्या. पंखे फुल स्पीडला, स्क्रीन काळी. खोडरबरने पिना घासल्या, स्लॉट बदलले, बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामची) सेटिंग जपणारी बॅटरी काढली. शनिवार वाया गेला.

शेवटी स्टिकर वाचला. दोन्ही प्रकारच्या पट्ट्या डीडीआर४ (रॅमची चौथी पिढी), दोन्ही २४०० चा वेग, पण एकीवर ‘२४००टी-आर’, दुसरीवर ‘२४००टी-एल’. आर म्हणजे रजिस्टर्ड, एल म्हणजे लोड-रिड्यूस्ड; सर्व्हरच्या रॅमचे हे दोन वेगळे प्रकार. दोन्ही एकत्र चालत नाहीत.

मग बंद करून दोन्ही पॉवर केबल काढल्या, पॉवर बटण १५ सेकंद दाबलं. एलवाल्या सगळ्या बाहेर. झाकणावरच्या नकाशाप्रमाणे आरवाल्या प्रत्येक प्रोसेसरला दोन-दोन, आधी पांढऱ्या खटक्यांचे स्लॉट. दोन्ही खटके ‘टक्’ वाजेपर्यंत दाबल्या. पहिल्यांदा सुरू व्हायला जरा वेळ लागतो, घाबरून बंद करू नका. ६४ जीबी दिसली.