दुर्मीळ इंग्रजी आडनावाचे मूळ कसे शोधावे

बेळगावच्या कॅम्प भागातील एखाद्या जुन्या ख्रिस्ती थडग्यावर अनोळखी इंग्रजी आडनाव दिसले, तर त्याचे स्पेलिंग आधी अक्षर न अक्षर उतरवून घ्यावे. उच्चारावर विसंबू नये, कारण ‘फॅनशॉ’ असे उच्चारले जाणारे एक आडनाव लिहिताना ‘फेदरस्टोनहॉ’ असे लिहितात.

त्यानंतर आपली एक सवय बाजूला ठेवावी. आडनावात गाव शोधताना आपली नजर शेवटच्या ‘कर’कडे जाते, येळ्ळूरचा येळ्ळूरकर आणि सांबऱ्याचा सांबरेकर. इंग्रजीत बहुधा गावाचे नावच आडनाव होते, अगदी आपल्या कन्नड शेजाऱ्यांच्या हुक्केरी किंवा ज्ञानपीठविजेते विनायक कृष्ण गोकाक यांच्या गोकाक या आडनावाप्रमाणे. सीमाभागातील मराठी माणसाला दोन्ही पद्धती रोजच्या ओळखीच्या असल्यामुळे हे काम त्याला खरोखर सोपे जाते.

आता आडनावाची फोड करावी. ‘रॅम्सबॉटम’ हे आडनाव ऐकून लोक हसतात, पण ते हसणे अज्ञानाचे आहे. त्यातील ‘बॉटम’ म्हणजे जुन्या इंग्रजीत दरीचा सखल तळ. ‘रॅम्स’चा अर्थ काही अभ्यासक रानलसूण असा लावतात, तर काही मेंढा असा, आणि दोन्ही अर्थ नोंदवून ठेवणेच योग्य. पूर्वी लँकाशायरमध्ये असलेल्या आणि 1974 पासून ग्रेटर मँचेस्टरमध्ये मोडणाऱ्या बरी शहराजवळ या नावाचे गाव आजही आहे. ‘साइडबॉटम’मधील ‘साइड’ म्हणजे बाजू नव्हे, तर रुंद. म्हणून आजच्या शब्दकोशावरून अर्थ कधीही लावू नये.

नावाच्या शेवटावरून प्रदेशही कळतो. ‘हळ्ळी’ आणि ‘वाडी’ यांवरून जशी गावाला नाव देणाऱ्यांची भाषा ओळखू येते, तसे ‘बी’ आणि ‘थ्वेट’ हे शेवट उत्तरेकडून, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या नॉर्स भाषकांच्या वस्तीची खूण आहेत.

अर्थाचा अंदाज आला की तो कागदाशी ताडून पाहावा. इंग्लंडमध्ये चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदवह्या 1538 पासून आणि सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी 1837 पासून सुरू झाली. 1881 च्या जनगणनेत ते आडनाव कोणत्या परगण्यात दाटीने आढळते, हेही पाहावे. बेळगावात वारलेल्या व्यक्तीची दफननोंद मात्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात शोधावी लागते. तेथे मद्रासच्या नव्हे, मुंबई इलाख्याच्या नोंदी मागाव्यात. आज जिल्हा कर्नाटकात असला, तरी 1836 पासून तो त्या इलाख्यातीलच एक जिल्हा होता.