रत्नागिरीत मुक्काम करताय? या चुका टाळा

बहुतेक लोक रत्नागिरी बघतात ती गणपतीपुळ्याला जाता जाता. सकाळी टिळकांचं जन्मस्थान, मग थिबा राजवाडा, दुपारी मासळीची थाळी आणि चार वाजता गाडी आरे-वाऱ्याच्या दिशेने. ही पहिली चूक, आणि पुढच्या बऱ्याचशा चुका हिच्यातूनच निघतात. शहरात चार दिवस मुक्काम ठेवा. दक्षिणेला पावस, गणेशगुळे, पूर्णगड. उत्तरेला आरे-वारे, गणपतीपुळे, केशवसुतांचं मालगुंड, जयगड. आतल्या बाजूला कातळशिल्पांचे (खडकात कोरलेल्या जुन्या चित्रांचे) सडे, म्हणजे उघडी कातळपठारं. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल एवढ्याच टप्प्यात हे सगळं आहे. रोज बॅगा भरून नवं हॉटेल गाठणाऱ्यांच्या हाती फक्त रस्ता लागतो.

आमच्याकडे उतरणाऱ्या पाहुण्यांना मी आल्या आल्या तिथी सांगतो, कारण समुद्राचं घड्याळ तिथीवर चालतं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्या दिवसांत उधाण असतं, पाणी लांबवर मागे जातं आणि तितकंच आत चढतं. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा चढउतार कमी. मोबाइलवर वेळापत्रक मिळतं, तेही बघा. पण बघा नक्की.

न बघणाऱ्यांचं काय होतं ते सांगतो. एका पौर्णिमेला आमच्याकडचं एक कुटुंब भाट्याच्या किनाऱ्यावर गेलं. संध्याकाळचे पाच, पूर्ण ओहोटी, ओली पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, डांबरी रस्त्यासारखी घट्ट. मुलाला गाडीचा व्हिडिओ करायचा होता. सुरूच्या बनापाशी बसलेल्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराने सांगितलं, "गाडी खाली नेऊ नका, पाणी फिरलंय." पाच मिनिटांत वर आणतो म्हणून ते खाली उतरले. वळवताना मागचं चाक भुसभुशीत वाळूत गेलं. मग घाबरलेला माणूस करतो तेच त्यांनी केलं. ॲक्सिलरेटर दाबत राहिले आणि गाडी पार टेकेपर्यंत रुतवली. मला फोन आला तेव्हा अंधार पडला होता.

पाणी सारख्या वेगाने चढत नाही. ओहोटी फिरल्यावर पहिला तास ते हलल्यासारखं वाटतही नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या तासाला भराभर वर येतं. पहिला तास त्यांनी फोटो काढण्यात आणि गाडीला दोष देण्यात घालवला होता. वाडीतली पोरं दोर घेऊन धावली, ट्रॅक्टर मिळाला, गाडी निघाली. पण तोवर खारं पाणी आत शिरलं होतं आणि घरी ती दुसऱ्या गाडीवर चढून गेली.

माझा नियम असा: गाडी पुळणीवर नेऊच नये, घट्ट दिसली तरी. रुतलीच तर ॲक्सिलरेटर सोडा, माणसं उतरवा, टायरमधली हवा कमी करा, चाकांपुढची वाळू हाताने काढून झावळ्या किंवा फळ्या सरकवा. आणि सगळ्यात आधी गावातल्या माणसाला हाक मारा. लाज वाटून घेण्यात गेलेला अर्धा तास पाणी परत देत नाही.

आरे-वाऱ्याला आणि गणपतीपुळ्याला पोहायला उतरू नका. दरवर्षी माणसं बुडतात. पाय भिजवा, तेवढं पुरे.

कातळशिल्पं बघायला लोक दुपारी बारा वाजता जातात आणि "काही दिसत नाही" म्हणत परततात. जांभ्यात कोरलेल्या त्या रेषा उथळ आहेत. ऊन तिरपं असेल तेव्हाच खाचेत सावली पडते आणि आकृती उठून दिसते. सकाळी लवकर जा, नाहीतर दुपार उतरल्यावर. उक्षीचा हत्ती शहरापासून जवळ आहे, त्याच्यापासून सुरुवात करा. बारसू आणि देवाचे गोठणे राजापूर तालुक्यात आहेत, त्यांना वेगळा दिवस द्या. मला सगळ्यात चीड येते ती रेषांवर बुटांनी चालणाऱ्यांची आणि फोटोसाठी खडू भरणाऱ्यांची. कोकणातली ही कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पण बऱ्याच ठिकाणी राखण म्हणून चिऱ्यांच्या गडग्यापलीकडे, म्हणजे दगडी कुंपणापलीकडे, काही नाही. त्यामुळे शिल्प टिकणं येणाऱ्याच्या पायावरच आहे. चपला बाहेर काढा, कडेने फिरा आणि गावातलाच वाटाड्या घ्या, त्याला पैसे द्या. पावसाळ्यानंतर याच सड्यांवर सीतेची आसवं फुलतात, तेव्हा तर गाडी लांब ठेवूनच चाला.

थिबा राजवाडा सोमवारी ठरवू नका, तो बंद असतो. गेलात तर सज्जात उभं राहून समुद्राकडे बघण्याआधी हे माहीत असू द्या: ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी 1886 मध्ये इथे आणलं, वाडा 1910 च्या सुमारास झाला आणि 1916 मध्ये तो इथेच वारला. त्याची समाधी शहरातच आहे. वाडा बघणारे बहुतेक लोक तिकडे फिरकत नाहीत. पतितपावन मंदिराचंही तसंच. 1931 मध्ये भागोजीशेठ कीर यांनी सावरकरांच्या पुढाकाराने ते सर्व जातींसाठी बांधलं, आणि लोक बाहेरून फोटो काढून निघतात. आत जा, बसा.

जून-जुलैत ताजी सुरमई मागू नका, त्या दोन महिन्यांत यांत्रिक मासेमारी बंद असते. टाकळ्याची भाजी नाहीतर फणसाच्या आठळ्यांची आमटी मागा. हापूस हवा तर एप्रिल-मेमध्ये या आणि बागेतून घ्या, हायवेवरच्या पेटीवरच्या नावावर जाऊ नका. मिरकरवाड्याच्या बंदरात मासळी उतरताना जरूर जा, पण काम करणाऱ्यांच्या वाटेत उभं राहून फोटो काढू नका. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या हळू धावतात, परतीच्या दिवशी पुढचं काही ठरवू नका. शिमग्यात ग्रामदैवत भैरीबुवाची पालखी बघायची असेल तर खोली बरीच आधी सांगून ठेवा, तेव्हा मुंबईचे चाकरमानी घरी आलेले असतात आणि गावात जागा मिळत नाही.