उडी वाढत नाही? प्लायोमेट्रिक्स करताना या चुका टाळा

आठवड्यातून चार दिवस उड्या मारायच्या, घामाने निथळायचं आणि दोन महिन्यांनी भिंतीवरची खूण तिथल्या तिथेच! असं होतं तेव्हा मेहनत कमी पडलेली नसते, ती भलतीकडे गेलेली असते. प्लायोमेट्रिक्सचा, म्हणजे झटकन उसळी घेण्याच्या उड्यांच्या व्यायामाचा, सगळा हिशेब पाय जमिनीला टेकल्यापासून सुटेपर्यंतच्या क्षणाचा आहे. खाली येताना पोटरी आणि मांडीचे स्नायू व कंडरा ताणले जातात, रबरासारखी ऊर्जा साठवतात आणि लगेच उसळी घेतली तरच ती परत देतात. खाली रेंगाळलात की ती वाया जाते. वेगवान प्रकारांत हा स्पर्श पाव सेकंदाच्या आत संपायला हवा. पुढच्या बहुतेक चुका या पाव सेकंदाचं नुकसान करणाऱ्याच आहेत.

दम लागेपर्यंत उड्या मारणं

सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. एक मिनिट न थांबता बॉक्स जंप (जमिनीवरून खोक्यावर उडी) केल्याने दमसास वाढेल, उडी नाही. थकलेला स्नायू सावकाश आकुंचन पावतो, त्यामुळे पाय जमिनीवर जास्त वेळ राहतो आणि शरीर नेमकं तेच शिकतं. जेवढा वेळ काम, त्याच्या पाच ते दहा पट विश्रांती घ्या. डेप्थ जंपमध्ये (बॉक्सवरून खाली उतरून लगेच वर उसळी घेणं) दोन उड्यांत ५ ते १० सेकंद आणि दोन सेटमध्ये २ ते ३ मिनिटं थांबा. फार वेळ बसून राहिल्यासारखं वाटेल. वाटू द्या.

मोजणी पायांच्या स्पर्शांची करतात. दोन्ही पायांवर एकदा उतरलात तर एक स्पर्श. एका पायाच्या उड्यांत प्रत्येक उतरणं वेगळं मोजायचं. नवख्यांसाठी एका सत्रात ८० ते १०० स्पर्श पुरेत. उदाहरणार्थ, गुडघे जवळजवळ ताठ ठेवून घोट्यांवरच्या छोट्या उड्या १०चे ३ सेट, जागेवरून लांब उडी ५चे ४, बॉक्स जंप ३चे ५ आणि स्क्वॉट जंप (बैठकीतून वर उडी) ५चे ३ सेट. झाले ८०. पुढच्या सत्राआधी ४८ ते ७२ तास जाऊ द्या. टाच आपटायला लागली, उतरण्याचा आवाज वाढला किंवा उंची घसरली, तर ठरवलेला आकडा पूर्ण व्हायचा असला तरी तिथेच थांबा.

उतरायला न शिकता उडायला लागणं

२० ते ३० सेंमी उंचीवरून एक पाय पुढे टाकून खाली उतरा आणि ३ सेकंद स्थिर उभे राहा. चवडा आधी टेकावा, गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत असावा, नितंब मागे जावेत, छाती फार झुकू नये. समोरून मोबाइलवर चित्रीकरण केलंत तर गुडघे आत झुकतात का ते लगेच दिसेल. झुकत असतील तर उंची कमी करा आणि गुडघ्यांच्या वर रबरबँड लावून स्क्वॉट, एका पायावर उभं राहून संथ बैठका, असं नितंबाच्या बाजूच्या स्नायूंचं काम वाढवा. गुडघ्याच्या आतल्या लिगामेंटवर ताण येण्याची ही ठरलेली वाट आहे, म्हणून इथे घाई नको.

‘आवाज न करता उतरा’ हा सल्ला शिकतानाच्या टप्प्यापुरता ठीक. पुढे उसळीच्या उड्यांत तोच पाळत राहिलात तर गुडघे खोल वाकतात आणि स्पर्श लांबतो. तिथे स्प्रिंगसारखं, थोडं ताठ उतरायचं असतं.

बॉक्सच्या उंचीला उडी समजणं

उंच बॉक्सवर पोटाशी गुडघे आवळून चढता येतं. त्यात वाढते ती गुडघे वर घेण्याची सवय. शरीर तेवढंच वर गेलेलं असतं. झेप घेताना जितके वाकलात साधारण तितकंच वाकून वर उतरता आलं पाहिजे. त्याहून खोल बसावं लागलं तर बॉक्स उंच आहे. आणि खाली येताना पायरी उतरावी तसं उतरा. मागच्या मागे उडी टाकत बसल्याने टाचेच्या कंडरेवर विनाकारण भार येतो.

डेप्थ जंप लवकर आणि फार उंचावरून

सोव्हिएत प्रशिक्षक युरी वर्खोशान्स्की यांनी १९६०च्या दशकात ही पद्धत वर्षानुवर्षं वजन उचललेल्या खेळाडूंसाठी मांडली. तिची नक्कल पहिल्याच महिन्यात करण्यात अर्थ नाही. शरीराच्या वजनाच्या दीडपट वजन घेऊन स्क्वॉट होत असेल, तर डेप्थ जंपचा विचार करा. साध्या, कमी उंचीच्या उड्यांना ही अट लागत नाही.

उंची अशी ठरवा. आधी जागेवरून उडीची उंची मोजा. मग ३० सेंमीवरून उतरून लगेच उसळी घ्या आणि पुन्हा मोजा. दर वेळी १० सेंमी वाढवत जा. उसळीची उंची घसरली किंवा टाच टेकली की त्याआधीची उंची तुमची. वजन १०० किलोहून जास्त असेल तर ४५ सेंमीच्या वर जाऊ नका. बॉक्सवरून सुटताना वर उडी न मारता फक्त पाऊल पुढे टाका, नाहीतर दर वेळी पडण्याची उंची बदलते आणि तुलनेला काही अर्थ उरत नाही.

जमीन आणि वॉर्म-अप

काँक्रीट नको. जाड, मऊ गादीही नको, कारण ती उसळी शोषून घेते, वाळूचंही तेच. गवत, लाकडी फरशी किंवा पातळ रबरी मॅट चांगली. सुरुवातीला एकेक स्नायू मिनिटभर ताणून धरल्याने ताकद तात्पुरती कमी होते, म्हणून ते सत्रानंतर करा. आधी हलकं धावणं, पाय झुलवणं, लंज (एक पाय पुढे टाकून बैठक) आणि छोट्या उड्या, अशी १० मिनिटं पुरतात.

दुखलं तर

गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेच्या वर दुखत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाढलेलं असेल, तर स्पर्श निम्मे करा आणि डेप्थ जंप बंद ठेवा. सूज आली किंवा गुडघा अचानक निसटल्यासारखा वाटला, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा.

अंदाजाने प्रगती मोजणं

मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये, सेकंदाला २४० फ्रेम, बाजूने चित्रीकरण करा. पाय सुटल्यापासून टेकेपर्यंतच्या फ्रेम मोजून २४०ने भागा. आलेल्या सेकंदांचा वर्ग करून १२२.६ने गुणा, की उंची सेंटीमीटरमध्ये मिळते. १२० फ्रेम म्हणजे अर्धा सेकंद, म्हणजे जवळपास ३१ सेंमी. फक्त टेकताना पाय सुटतानाइतकेच सरळ असू द्या. हवेत गुडघे दुमडून उतरलात तर आकडा फुगलेला येईल.