मावा दिसला? आधी पान उलटून बघा

वालाच्या शेंड्यावर मावा, म्हणजे रस शोषणारी इवलीशी कीड, दिसला की हात आधी फवारणीच्या बाटलीकडे जातो. जरा थांबा, पान उलटून बघा. माव्याच्या गर्दीत काळसर, नारिंगी ठिपक्यांची, इवल्याशा मगरीसारखी अळी फिरतेय का? ते लाल ढालकिड्याचं (लेडीबर्डचं) पिल्लू. मोठं होईपर्यंत शेकडो मावा फस्त करतं, पण रूप असं की चिरडलं आधी तेच जातं. मीही कितीतरी मारलीत. केसाएवढ्या देठावर उभी पांढुरकी अंडी दिसली तर ती क्रायसोपाची, म्हणजे मावा खाणाऱ्या हिरव्या, जाळीदार पंखांच्या किड्याची. बुरशी समजून पुसू नका.

खोडावर मुंग्यांची रांग असेल तर ती आधी तोडा. माव्याच्या गोड चिकट्यासाठी त्या ढालकिड्यांना हुसकावतात.

कोथिंबीर-शेपूची दोन-चार रोपं न खुडता फुलू द्या, पूर्ण वाढलेल्या या मित्रकिड्यांना त्यातला मध-पराग लागतो. आपल्या सोलापुरात मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो, तेव्हा सावलीत बशीभर पाणी ठेवा. त्यात खडे हवेतच, नाहीतर किडे बुडतात. पाणी रोज बदला, डासांना आमंत्रण नको. आणि मावा फारच माजला तर औषधाऐवजी शेंड्यांवर पाण्याचा जोरदार फवारा मारा.